कुबडा मासा आणि विजेचे बिल

पाठीवर कुबड असलेला हम्पबॅक चब हा मासा अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या खोऱ्याबाहेर कोठेही आढळत नाही. ही नदी पूर्वी उन्हाळ्यात कोमट आणि गढूळ असे. १९६३ साली ग्लेन कॅनियन धरणात पाणी अडविले आणि चबच्या जिवावर बेतले. धरणाच्या खोलातून सुटणारे पाणी इतके गार, की मुख्य पात्रात त्याची अंडी-पिल्ले टिकेनात. धरणाखाली सुमारे १२० किलोमीटरवर मिळणाऱ्या लिटल कोलोरॅडो या उपनदीच्या आश्रयाने तो तगला.

पुढे दुष्काळाने जलाशय उतरला. वरचे तापलेले पाणी टर्बाइनमधून खाली येऊ लागले. चबला ते मानवले. पण त्याच पाण्याबरोबर स्मॉलमाउथ बास हा जलाशयात बाहेरून आणून सोडलेला खादाड मासाही खाली उतरला. २०२२ साली तेथे त्याची पिल्ले दिसली!

म्हणून जुलै ते नोव्हेंबर २०२४ या काळात धरणाच्या खालच्या नळांतून थंड पाणी मिसळून सोडले. सुमारे १६ अंशांखाली बासची वीण होत नाही, एवढाच हिशेब. त्या वर्षी नवी पिल्ले सापडली नाहीत.

मात्र त्या नळांवर टर्बाइन नाहीत. तेवढी वीज बुडाली. ती घेणाऱ्यांत आदिवासी जमातींच्या वीजसंस्थाही आहेत, त्यांना बदली वीज महाग पडते. मासा जगलाच पाहिजे. पण आमच्यासारख्या जमाखर्च लिहिणाऱ्याची नजर खर्चाच्या रकान्यावर जातेच. नवाहो जमातीच्या हजारो घरांत तर अजून वीजच पोचलेली नाही.