हूल कधी द्यावी?

तीनपत्तीत मुरलेला माणूस पोकरच्या टेबलावर बसला की त्याला आधी ब्लफ मारायची, म्हणजे हूल द्यायची खुमखुमी येते. पण छोट्या रकमेच्या टेबलावर, मग ते गोव्यात मांडवी नदीतल्या तरंगत्या कॅसिनोतलं का असेना, समोरचे सहसा पत्ते टाकायला तयार नसतात. ‘बघू तरी काय आहे याच्याकडे’ म्हणत पैसे भरतात. अशांना हूल देणं म्हणजे पैसे पाण्यात.

हिशेब सोपा आहे. पॉटमध्ये १,००० रुपये असताना तुम्ही ५०० लावले, तर तीनांतून एकदा समोरचा पळाला की बरोबरी होते. मात्र समोर तिघे असतील आणि प्रत्येक जण निम्म्या वेळा पत्ते टाकत असेल, तर तिघेही टाकण्याची शक्यता आठांत एक. म्हणून हूल एकट्यालाच द्यावी.

त्यातही हात सुधारायची आशा असलेली हूल मला सर्वांत भरवशाची वाटते. हातात दोन बदाम, फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन उघड्या पत्त्यांत, आणखी दोन. न दिसलेल्या ४७ पत्त्यांत ९ बदाम उरतात. पुढच्या दोन पत्त्यांत फ्लश, म्हणजे एकाच रंगाचे पाच पत्ते, लागण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. समोरचा पळाला तर उत्तमच, नाही पळाला तरी डाव जिवंत.

शेवटच्या पत्त्यानंतर ती आशा संपते. तिथे समोरच्याला चांगला हात टाकताना तुम्ही आधी पाहिलं असेल, तरच पुढे व्हा. संध्याकाळपासून हरत आलेला, चिप्स चाळवत बसलेला माणूस समोर असेल तर पैसे न लावता चेक करा आणि पत्ते दाखवा.