थरथरणारा आवाज आणि टिकटिक

चालू पंख्यासमोर तोंड नेऊन 'आऽऽ' करायचा खेळ आपण सगळ्यांनीच केलाय. आवाज कसा थरथरत येतो! इलेक्ट्रिक गिटारचा आवाज असाच लाटेसारखा लहान-मोठा करणे, याला ट्रेमोलो म्हणतात. यात सूर तोच राहतो. सूरच खाली-वर हलला तर त्याला व्हायब्रेटो म्हणायचे. पण या नावांचा मोठाच घोळ आहे. १९५४ साली निघालेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या दांडीला कंपनीने ट्रेमोलो म्हटले, आणि ती दांडी हलवते सूर!

माझ्या दादाने पायाने दाबायची ट्रेमोलोची डबी घरीच केली. तिच्यात एलडीआर नावाचा एक बारका भाग आहे. त्यावर उजेड पडला की वीज सहज जाते, अंधारात अडते. गिटारचा आवाज या एलडीआरमधून पुढे अँप्लिफायरकडे जातो. समोर एक एलईडी दिवा लुकलुकतो. दोघे काळ्या नळीत समोरासमोर बंद, म्हणजे बाहेरचा उजेड नको. दिवा लागला की आवाज मोठा, विझला की लहान. झाले काम! दिवा लुकलुकवते ५५५ नंबरची आयसी. ही १९७२ साली बाजारात आली, पण अजून स्वस्तात मिळते. सगळे ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. घरातल्या विजेला असले काही जोडायचे नाही, हे आईने आधीच बजावले होते.

पहिल्या दिवशी लाट फारच संथ झाली. वेग ठरवणारा कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा होता, आणि वेगाचे बटण १०० किलोओहमचे. हिशेब केला तर बटण एका टोकाला असताना दीड सेकंदाला जेमतेम एक लाट! कपॅसिटर २.२ चा बसवला, तेव्हा त्याच जागी सेकंदाला तीनाहून जास्त लाटा आल्या, आणि बटण अर्धे फिरवले की साधारण साडेसहा.

पण मग टिकटिक सुरू झाली. गिटार गप्प असली तरी स्पीकरमधून घड्याळासारखी टिक, टिक. मला वाटले तार सैल आहे. दादाने एलईडीचा एक पाय सोडवून पाहिला. टिकटिक कमी झाली, पण गेली नाही. म्हणजे चोर दोन होते. एक, आयसी पालटताना क्षणभर बॅटरीतून एकदम जास्त वीज ओढते. दुसरा, दिवा झटक्याने लागतो नि झटक्याने विझतो, तो धक्का शेजारच्या गिटारच्या तारेत शिरतो.

पहिल्यासाठी आयसीच्या ८ आणि १ नंबरच्या पायांमध्ये, अगदी जवळ, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. (पट्टी असलेला पाय ऋण बाजूला, म्हणजे १ नंबरला.) दुसऱ्यासाठी आयसी आणि दिव्याच्या वाटेत १ किलोओहमचे दोन रेझिस्टर घातले, आणि त्यांच्या मधून ऋण तारेला आणखी एक १०० चा कपॅसिटर. तो टाकीसारखा हळूहळू भरतो, हळूहळू रिकामा होतो. त्यामुळे दिवाही हळू उजळतो, हळू मंदावतो. शिवाय गिटारची तार दिव्याच्या तारेपासून लांब नेली.

टिकटिक गेली, आणि लाटही गोल, मऊ झाली! फक्त वेग फार वाढवला की लाट उथळ होते, कारण टाकी पुरती भरायच्या आतच रिकामी होऊ लागते. तिथे १०० ऐवजी ४७ चा लावून बघणार आहोत, बाजारात गेल्यावर.