पोलंडचा कागद कुणाच्या नावाचा?

परवा तुमच्याही स्टेटसला ती जाहिरात आली असेल. निळ्या आकाशाखाली चकचकीत गोदाम, पिवळं जॅकेट घातलेला एक हसरा तरुण आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘पोलंड वर्क परमिट. दहावी-बारावी पास चालेल. इंग्रजीची गरज नाही. पगार महिना सव्वा लाख.’ त्याखाली एक मोबाईल नंबर. कंपनीचं नाव कुठंच नाही. अर्धापूरच्या स्टँडवर चहा पिता पिता अशी जाहिरात एकानं पाहिली की संध्याकाळपर्यंत ती पन्नास मोबाईलवर फिरते. मग कुणीतरी विचारतंच, “तू पण जायलास का?”

जायचं असेल तर जा. हा लेख तुम्हाला अडवायला लिहिलेला नाही. पोलंड खोटं नाही, तिथली कामं खोटी नाहीत आणि सव्वा लाखाचा आकडासुद्धा अगदी हवेतला नाही. पण तो आकडा कशाचा आहे, हे घरच्यांनी एजंटच्या हातात पैसे ठेवायच्या आधी कळायला हवं.

पोलंडमध्ये किमान वेतन कायद्यानं ठरतं. २०२६ साठी ते महिना ४,८०६ झ्लॉटी आहे, तासाला ३१.४० झ्लॉटी. एक झ्लॉटी म्हणजे पंचवीस रुपयांच्या आसपास, म्हणजे झाले एक लाख वीस हजार. जाहिरातवाल्याचा सव्वा लाख इथूनच येतो. पण हा झाला ‘ब्रुत्तो’, म्हणजे कापाकापीच्या आधीचा पगार. विमा, पेन्शन, कर कापून हातात पडतो तो ‘नेत्तो’, साधारण ३,६०० झ्लॉटी. म्हणजे नव्वद हजार रुपये. वय २६ च्या आत असेल तर वर्षाला ८५,५२८ झ्लॉटीपर्यंतच्या पगारावर आयकर नाही, त्यामुळे थोडे जास्त मिळतात. केळीवाल्या घरातल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. फोनवर व्यापारी सांगतो तो भाव एक, आणि कटिंग होऊन गाडी भरली की हातात पडतो तो दुसरा.

आता नव्वद हजारांतून खाटेचं भाडं, जेवण, बसचा पास, रिचार्ज आणि थंडीचे कपडे वजा करा. जपून राहिलात तर समजा महिना पंचेचाळीस-पन्नास हजार मागे पडतात. आणि समजा एजंटनं सहा लाख घेतलेत. म्हणजे पहिलं अख्खं वर्ष तुम्ही एजंटसाठी राबलात. पोलंडचा नॅशनल व्हिसा मिळतो तो जास्तीत जास्त एका वर्षाचा. हे गणित वहीत मांडा आणि वही वडिलांना दाखवा.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे कागदाची.

पोलंडचं वर्क परमिट तुम्हाला मिळत नसतं, तुमच्यासाठी मालकाला मिळतं. अर्ज तिथली कंपनी करते आणि परवाना तिथलं प्रांत कार्यालय देतं. त्या कागदावर कंपनीचं नाव असतं, कामाचं नाव असतं, कमीत कमी पगार किती तो आकडा असतो. तुम्ही काम करू शकता ते फक्त त्या कंपनीत आणि त्याच कामावर. आपल्याकडं चाकणच्या कंपनीत सुपरवायझर वाकडं बोलला की पोरगं दुसऱ्या दिवशी रांजणगावच्या गेटवर उभं असतं. तिथं तसं जमत नाही. दुसरा मालक हवा तर आधी त्याच्या नावाचा नवा परवाना. तो येईपर्यंत काम केलंत तर ते बेकायदा ठरतं, दंड होतो आणि परत पाठवणीची वेळ येऊ शकते. १ जून २०२५ पासून परदेशी कामगारांसाठी नवा कायदा आला. आता अर्ज ऑनलाईनच करावा लागतो, कामावर घ्यायच्या आधी लेखी कराराची प्रत सरकारला द्यावी लागते आणि बेकायदा काम करवून घेणाऱ्या मालकाला दंडही जबर आहे.

म्हणून एजंटला पहिला प्रश्न ‘पैसे किती?’ हा विचारू नका. ‘परमिटवर नाव कुणाचं?’ हे विचारा. कंपनीचं नाव कळलं की पोलंडच्या कंपन्यांची सरकारी नोंदवही इंटरनेटवर फुकटात पाहता येते. ती कंपनी म्हणजे माणसं पुरवणारी एजन्सी असेल, तर अशा एजन्सींची वेगळी सरकारी यादी आहे, तिचं नाव ‘क्राझ’. नाव टाकायचं आणि बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि तुम्ही तर रिचार्जच्या ऑफरवर यापेक्षा जास्त वेळ घालवता.

आपल्याकडचा एजंटही तपासा. परदेशात कामाला माणसं पाठवणाऱ्यानं भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदणी केलेली असायलाच हवी. ती यादी ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर आहे. आणि नोंदणी असलेल्या एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क घेता येतं ते जास्तीत जास्त ३० हजार रुपये, वर जीएसटी. पुन्हा वाचा, तीस हजार. उरलेले पाच लाख सत्तर हजार कशाचे, याची पावती मागून बघा. पावती मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, त्यावरून निम्मं उत्तर मिळतं. ‘आपली एम्बसीत सेटिंग आहे’ असं म्हणणारा भेटला तर तिथून उठाच. सेटिंगचं प्रकरण पोलंडमध्ये होऊन गेलंय. २०२३ मध्ये पैसे घेऊन व्हिसे दिल्याचं उघड झालं, तिथल्या परराष्ट्र उपमंत्र्याला पदावरून काढलं, आणि तेव्हापासून फाईल बारकाईनं बघितली जाते.

करार हातात आला की त्यावर काय लिहिलंय ते बघा. ‘उमोवा ओ प्रात्से’ असेल तर ती खरी नोकरी: वर्षाला किमान २० दिवस पगारी सुट्टी, आजारपणात पैसे. ‘उमोवा झ्लेत्सेन्ये’ असेल तर तो कामापुरता करार: तासाचा किमान दर मिळतो, पण पगारी सुट्टीचा हक्क नाही. काम कमी झालं की तास कमी आणि तास कमी झाले की पगार कमी. गोदामातली आणि पॅकिंगची बरीच कामं या दुसऱ्या करारावर चालतात. करार तुम्हाला कळेल अशा भाषेत मागायचा तुम्हाला हक्क आहे. न कळणाऱ्या पोलिश कागदावर सही करणं म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा देण्यासारखंच.

विद्यार्थी म्हणून जायचा बेत असेल तर दोनच गोष्टी. पूर्णवेळ शिकणाऱ्याला विद्यार्थी व्हिसावर काम करायला वेगळं परमिट लागत नाही, हे खरं. पण ‘अॅडमिशन नावाला, काम गावाला’ हा खेळ आता अवघड झालाय. वर्गात दिसला नाहीत तर कॉलेजच सरकारला कळवतं.

आता कागदाचं एवढं काय घेऊन बसलात, असं वाटेल. त्यासाठी अर्धापुराहून पार दुसऱ्या टोकाला, कोल्हापूरला जावं लागेल. कारण परदेशी म्हणून जगणं म्हणजे काय, हे पोलंडची माणसं आपल्याच महाराष्ट्रात शिकून गेली आहेत.

कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचं गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून त्यांना घरातून उचललं आणि सैबेरियाकडं पाठवलं. तिथून सुटका झाल्यावर इराणमार्गे ती भारतात आली. वळिवड्यात त्यांनी बराकींत संसार मांडले. शाळा काढल्या, चर्च उभारलं, दवाखाना चालवला, मुलांची स्काऊट पथकं केली. कोल्हापूरच्या उन्हात बर्फाच्या देशातली मुलं वाढली. काहींना मराठी बोलता यायला लागलं, काही मुलींनी इथंच लग्नं केली.

त्यांची व्यवस्था बघत होतं लंडनमध्ये आश्रयाला असलेलं पोलंडचं सरकार. जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं त्या सरकारची मान्यताच काढून घेतली आणि वॉर्सातल्या नव्या, सोव्हिएतच्या मर्जीतल्या सरकारला मान्यता दिली. वळिवड्यातल्या बाईनं काहीच केलं नव्हतं. ती रोजच्यासारखी चुलीपुढं बसली असेल. पण तिच्या कागदावरचं सरकार एका दिवसात गेलं. जिथून ती आली ते गावही नकाशात पोलंडमध्ये राहिलं नाही, सोव्हिएत युनियनमध्ये गेलं. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कुणी मायदेशी परतले, बरेचजण इंग्लंडला आणि इतर देशांत पांगले. मग त्याच बराकींत फाळणीत घरं गमावलेली सिंधी माणसं आली. आज त्या वस्तीला गांधीनगर म्हणतात. हो, कापडाच्या बाजाराचं गांधीनगर तेच.

पोलंड हे विसरलेला नाही. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान तिथं गेले तेव्हा ते बातम्यांत आलं. पण त्या स्मारकाच्या जोरावर गोदामातला सुपरवायझर तुम्हाला मिठी मारेल, या भ्रमात राहू नका. जुलै २०२५ मध्ये पोलंडच्या अनेक शहरांत परदेशी लोकांच्या विरोधात मोर्चे निघाले. त्याच महिन्यात जर्मनीच्या आणि लिथुआनियाच्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू झाली. ‘पोलंडला उतरायचं आणि जर्मनीत सटकायचं’ सांगणाऱ्या एजंटला हे माहीत असतं, तो तुम्हाला सांगत नाही. आणि गंमत म्हणजे २००४ मध्ये युरोपीय संघात गेल्यावर पोलंडचीच पोरं लाखोंनी इंग्लंड-आयर्लंडला कामाला गेली होती, तिथं बोलणी खात होती. पुण्यात ‘मराठवाड्याचा का?’ हा प्रश्न ज्यानं ऐकलाय त्याला यातलं बरंच काही वेगळं सांगावं लागणार नाही.

रोजचं जगणं? डिसेंबरात वॉर्सात दुपारी साडेतीनलाच सूर्य मावळतो. सकाळच्या पाळीला जाताना अंधार, येताना अंधार. बहुतेक रविवारी मोठी दुकानं कायद्यानं बंद, त्यामुळे शनिवारीच पीठ-तांदूळ भरून ठेवायचे. दुकानात केळी हमखास मिळतात, पण ती येतात दक्षिण अमेरिकेतून, प्रत्येक फणीवर स्टिकर लावून. अर्धापूरच्या माणसानं तो दर आणि ती चव दोन्ही शांतपणे सहन करावी.

भाषेला घाबरायचं कारण नाही, पण ‘गरज नाही’ हे खोटं. मशीनवरची सूचना, डॉक्टर, घरमालक, सगळं पोलिशमध्ये. झ्लॉटीचा खरा उच्चार ‘झ्वॉती’च्या जवळचा. लॉड्झ असं वाचता ते शहर म्हणतात ‘वूच’. पोलिशला सात विभक्त्या आहेत, शब्दाचं शेपूट प्रत्येक वेळी बदलतं. इंग्रजी माध्यमातल्याला यानं घाम फुटतो. ज्यानं शाळेत प्रथमा-द्वितीया घोकलीय त्याला निदान ओळखीचं वाटतं. अनोळखी माणसाला ‘पान’, बाईला ‘पानी’ म्हणायचं, म्हणजे आपलं ‘साहेब’ आणि ‘बाई’. एकेरीत सुरुवात करू नका. आणि तुम्हाला कुणी ‘हिंदुस’ म्हटलं तर धर्माशी संबंध जोडू नका. पोलिशमध्ये भारतीय माणसाला हाच शब्द आहे. नांदेडचा सरदार, अर्धापूरचा शेख आणि लातूरचा पाटील, तिथं सगळे ‘हिंदुस’. इथं भांडणारे तिथं एका खोलीत भात शिजवतात.

शेवटची गोष्ट, जी एजंट कधीच सांगत नाही. वर्षाचा व्हिसा संपत आला की राहण्याच्या कार्डासाठी अर्ज करायचा, त्याला ‘कार्ता पोबित्तू’ म्हणतात. अर्ज वेळेत आणि नीट केला की निकाल लागेपर्यंत पोलंडमध्ये कायदेशीर राहता येतं. पण निकालाला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाच्याही वर. त्या काळात तुमच्याकडं असतो फक्त अर्ज केल्याचा शिक्का किंवा दाखला. त्यावर भारतात येता येतं. परत जाता येत नाही, नवा व्हिसा काढावा लागतो. म्हणजे या महिन्यांत बहिणीचं लग्न ठरलं, आजी अंथरुणाला खिळली, तर तुमच्यापुढं दोनच रस्ते असतात: व्हिडिओ कॉलवर अक्षता टाकायच्या, नाहीतर सगळं सोडून यायचं.

हे निघायच्या आदल्या रात्री नव्हे, पैशाची जुळवाजुळव सुरू व्हायच्या आधी घरी बसून सांगा. आईला नीट समजेल असं सांगा. ‘दिवाळीला येतो’ म्हणू नका. ‘कार्ड आलं की येतो’ म्हणा.