नावं अनेक, इंजिनं तीन

ब्रेव्ह हा ब्राउझर घेणाऱ्यांचा एक प्रश्न असतो: क्रोम काढून ब्रेव्ह घेतला, म्हणजे गूगलपासून सुटलो ना? उत्तर आहे, अर्धेच सुटलात. जाहिराती आणि माग काढणारे ट्रॅकर अडवण्यात ब्रेव्ह क्रोमपेक्षा निःसंशय सरस आहे. पण पानाचा कोड वाचून ते पडद्यावर मांडणारं इंजिन दोघांचं एकच, गूगलचं ब्लिंक. एज, ऑपेरा, व्हिवाल्डी, सॅमसंग इंटरनेट यांच्याही पोटात तेच. सर्वसामान्यांच्या वापरात याहून वेगळी इंजिनं उरली आहेत दोन: सफारीचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. ब्राउझर निवडताना आपण वेग पाहतो, सवय पाहतो. मी सगळ्यात आधी इंजिन पाहायला सांगेन.

इंजिनांची वंशावळ मोठी रंजक आहे. केडीई प्रकल्पातल्या मंडळींनी लिनक्सवरच्या कॉन्करर ब्राउझरसाठी केएचटीएमएल हे इंजिन लिहिलं. त्यावरून अॅपलनं वेबकिट उभं केलं आणि २००३ साली सफारी आणला. २००८चा क्रोमही वेबकिटवरच आला. २०१३मध्ये गूगलनं त्यातून ब्लिंक वेगळं काढलं. त्याच वर्षी ऑपेरानं स्वतःचं प्रेस्टो सोडायचं ठरवलं. डिसेंबर २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टनंही एजचं स्वतःचं इंजिन सोडून ब्लिंकवर चालणाऱ्या क्रोमिअमकडे जात असल्याचं जाहीर केलं. एवढ्या मोठ्या कंपनीलाही वेगळं इंजिन जड गेलं, यावरून गेको टिकून राहणं किती अवघड आहे ते कळावं.

एकाच ब्राउझरचं राज्य आलं की काय होतं, हे आपण एकदा भोगलं आहे. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आला २००१मध्ये आणि त्याची पुढची आवृत्ती आली थेट २००६मध्ये. स्पर्धकच नव्हता, मग घाई कशाला? मराठी वाचकांना त्या काळाचा वेगळाच फटका बसला. युनिकोड रुळण्याआधी अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं आपापल्या खास फॉन्टवर चालत. तो फॉन्ट आपोआप उतरवून घेण्याची मायक्रोसॉफ्टची पद्धत एक्स्प्लोररलाच कळे. दुसऱ्या ब्राउझरात बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसे. तो मजकूर वाचता यावा म्हणून फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाचं, जुन्या फॉन्टमधलं लिखाण युनिकोडमध्ये बदलणारं एक्स्टेन्शन लिहावं लागलं. ते लिहिता आलं, कारण एक्स्प्लोररबाहेरही एक जिवंत ब्राउझर शिल्लक होता.

आज ब्लिंकचं तसंच राज्य येईल, या भीतीवर सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की ब्लिंकचा कोड खुला आहे. कोणीही घ्यावा, बदलावा, मग मक्तेदारी कुठली? कोड खुला आहे, हे खरं. पण त्याची दिशा मुख्यतः गूगल ठरवतं. एक्स्टेन्शनांच्या नव्या नियमांचं, म्हणजे मॅनिफेस्ट व्ही३चं उदाहरण घ्या. पानानं केलेली प्रत्येक मागणी एक्स्टेन्शननं तपासून तिथल्या तिथे रोखायची, ही सोय या नियमांनी सर्वसामान्य वापरातून काढून घेतली आणि जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन क्रोममध्ये बंद पडलं. फायरफॉक्सनं नवे नियम घेतले, पण ही सोय ठेवली. ब्रेव्हचा अडसर ब्राउझरच्या आतच बांधलेला असल्यानं तो शाबूत राहिला, हेही सांगायला हवं. पण मूळ कोडातून एखादी गोष्ट गेली की ती जपण्याचा भार त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकावर पडतो, आणि तो वर्षानुवर्षं पेलणं छोट्या कंपनीला परवडेलच असं नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा गूगलला मूळ शोधयंत्र म्हणून ठेवण्याच्या करारातून येतो. ही परावलंबी अवस्था मला बोचते. तरीही वरच्या मुद्द्यावर फायरफॉक्सनं गूगलपेक्षा वेगळी वाट धरली, आणि मी ब्राउझर अशा निर्णयांवरून जोखतो. शोधयंत्र तर सेटिंगमध्ये जाऊन कोणालाही बदलता येतं.

तिसरा आक्षेप रोजच्या अडचणीचा: काही साइट क्रोमशिवाय नीट चालत नाहीत. चालत नाहीत, कबूल. तेवढ्यासाठी एज किंवा ब्रेव्ह बाजूला असू द्या आणि अडेल त्या वेळी उघडा. बाकीचं वाचन, पत्रव्यवहार, व्हिडिओ फायरफॉक्समध्ये होऊ द्या. अँड्रॉइड फोनवर तर याचा लाभ लगेच दिसतो, कारण तिथल्या फायरफॉक्सला यूब्लॉक ओरिजिन जोडता येतं. फोनवरचा क्रोम एक्स्टेन्शन घेतच नाही. आयफोनवाल्यांना मात्र हा सल्ला लागू नाही. तिथे अॅपलनं सगळ्यांनाच वेबकिट सक्तीचं केलं होतं. २०२४मध्ये सूट मिळाली ती युरोपीय संघापुरती. भारतातल्या आयफोनवर फायरफॉक्स घ्या की क्रोम, आत वेबकिटच धावतं, तेव्हा तिथे सफारी बदलण्यासाठी इंजिन हे कारण उरत नाही. लॅपटॉपवर मात्र ते पुरेपूर उरतं.