हुलग्याची शेंगोळी

बालमित्रांनो, आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात पावसाची झड लागली किंवा कडाक्याची थंडी पडली, की घरोघर आजी विचारते, "आज शेंगोळी करू का रं?" घरात भाजीची काडी नसली तरी शेंगोळी होतात आणि सगळ्यांची पोटं भरतात. या शेंगोळ्यांची माहिती आज करून घेऊ.

शेंगोळी होतात हुलग्याच्या पिठाची. हुलगा म्हणजेच कुळीथ. याच कुळथाची कोकणात पिठी करतात. तिच्यात आमसूल घालतात आणि ती भाताबरोबर खातात. कर्नाटकात त्याला हुरळी म्हणतात व त्याचे सार करतात. आपल्याकडे आजाऱ्याला हुलग्याचं गरम माडगं देतात. धान्य एकच, पण मुलूख बदलला की पदार्थ बदलतो.

शेंगोळी कशी करतात? हुलगे निवडून, थोडे भाजून दळून आणतात. पिठात मूठभर ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ, मीठ, तिखट, हळद आणि जिरे-लसणाचे वाटण घालून घट्ट मळतात. हातावर बोटाएवढी वळी करून तिची टोके जोडली, की झाले कडे! पातेल्यात तेल, मोहरी, ठेचलेला लसूण यांची फोडणी देऊन पाणी ओततात. पाण्याला खळखळून उकळी आली, की मगच एकेक शेंगोळे सोडतात. असे का? उकळत्या पाण्यात शेंगोळ्याचा वरचा थर लगेच शिजतो आणि कडे टिकते. पाणी कोमट असेल तर पीठ विरघळते आणि सगळा लगदा होतो. शेवटी थोडे पीठ पाण्यात कालवून लावले, की रस्सा दाट होतो. मग भाकरी कुस्करा आणि ओरपा!

हुलगा आपल्याकडेच का? आपल्या भागात हलक्या, मुरमाड जमिनी पुष्कळ. हुलग्याला पाणी थोडे लागते आणि खत फारसे लागत नाही. पाऊस लांबला, बाजरीचा पेरा हुकला, तरी उशिरा हुलगा पेरता येतो. त्याच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींतले सूक्ष्म जीव हवेतला नत्र जमिनीला देतात. म्हणजे हे पीक आपल्याला खाऊ घालते आणि जमिनीलाही! शंभर ग्रॅम हुलग्यात सुमारे २० ते २२ ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारीत ती १० ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणून भाकरीला शेंगोळ्यांची जोड चांगली.

हे खाणे किती जुने असेल? आंबेगावातून वाहणारी घोड नदी पुढे शिरूर तालुक्यात जाते. तिथे तिच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत जळून काळे झालेले धान्याचे दाणे सापडले. त्यांत गहू, जव, मसूर होते आणि कुळीथही होता!

पण मुलांनो, इतकी वर्षे टिकलेला हुलगा आता कमी होत चालला आहे. कुकडीचे कालवे आले, ऊस आणि कांदा आला, घरात चार पैसे आले. हे चांगलेच झाले. मात्र हुलगा माळावर आणि बांधाला उरला. त्यात काही जण म्हणतात, "हुलगा घोड्यांचा खुराक, गरिबाचं खाणं." म्हणून डब्यात शेंगोळी असली, की काही मुले झाकण अर्धेच उघडतात. घोड्याला हुलगा देतात हे खरेच आहे. पण का देतात? त्याच्या अंगात बळ यावे म्हणून! मग आपण लाजायचे कशाला?

ज्या धान्याला घरात मागणी नाही, ते शेतात कोण पेरील? आणि बी एकदा घरातून गेले, की पाऊस दगा देईल त्या वर्षी ते आणायचे कुठून? उसाला पाणी नसेल तेव्हा मुरमावर हुलगाच उभा राहील.

म्हणून दोन कामे करा. आजीजवळ बसून शेंगोळी वळायला शिका. मुलींनी शिका, तसे मुलांनीही शिका. आणि घरात हुलग्याचे बी असेल तर यंदा बांधाला एक ओळ तरी पेरायला सांगा. डब्यात शेंगोळी आणाल तेव्हा झाकण पुरते उघडा आणि शेजाऱ्यालाही एक द्या!