चूल, दिवा आणि हप्ता

महागाई वाढली की काटकसरीचे व्याख्यान घरातील गृहिणीलाच ऐकावे लागते, आणि पहिली कात्री लागते ती मुलांच्या दुधाला व भाजीला. आमच्या मते ही काटकसर नव्हे. पोटाला चिमटा घेऊन वाचविलेला पैसा पुढे औषधपाण्यात जातो. ज्या खर्चाने घरातील कोणाचे पोट भरत नाही, अंग झाकत नाही, की विद्या वाढत नाही, असा खर्च कोठे कोठे होतो हे आधी पाहिले पाहिजे. पुष्कळदा तो डोळ्यांना दिसतच नाही. आम्ही पेशाने शिक्षक. तेव्हा वर्गातील पदार्थविज्ञान आणि अंकगणित स्वयंपाकघरात नेऊन पाहावे, एवढाच येथे विचार आहे.

प्रथम चूल. पाणी एकदा उकळू लागले की त्याचे उष्णतामान १०० अंशांच्या आसपास स्थिर राहते. बेळगावसारख्या उंचावरील गावी तर ते त्याहून दोन-अडीच अंश कमीच असते. खालची ज्योत कितीही मोठी केली तरी डाळ त्यामुळे लवकर शिजत नाही, वाफ मात्र अधिक उडते. म्हणून उकळी फुटताच ज्योत बारीक करावी व भांड्यावर झाकण ठेवावे. कुकरमध्ये दाबामुळे उष्णतामान १२० अंशांपर्यंत चढते, आणि तेथेच वेळ व गॅस वाचतो. परंतु शिट्टीने अन्न शिजते ही समजूत घरोघर आहे! शिट्टी म्हणजे जादा झालेली वाफ बाहेर पडणे. पहिली शिट्टी होताच ज्योत अगदी मंद करून शिट्ट्यांऐवजी घड्याळाकडे पाहावे. हरभरा, वाटाणा, राजमा आदल्या रात्री भिजत घालावा, हे आजीबाईंना कोणी शिकवावे लागले नव्हते. ज्योत पिवळी दिसू लागली किंवा भांड्याचे बूड काळे होऊ लागले, तर गॅस अर्धवट जळतो आहे असे समजून बर्नरची छिद्रे साफ करावीत. सिलिंडर घेताना तो वजन करून मागावा. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच कोरलेले असते. त्यात गॅसचे १४.२ किलो मिळविले की भरलेल्याचे वजन यावे. असे मागण्यात संकोच कसला?

आता दिवा. विजेचे एक युनिट म्हणजे हजार वॉटचे साधन एक तास चालणे. जुना ६० वॉटचा दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिटे होतात. तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दिवा दीड युनिटही घेत नाही. ७५ वॉटचा जुना पंखा रोज दहा तास फिरला तर साडेबावीस युनिटे, नव्या पद्धतीचा ३० वॉटचा पंखा ९ युनिटे. पण खरा खादाड आहे तो पाणी तापविण्याचा. १५ लिटरची एक बादली २५ अंशांवरून ४५ अंशांवर नेण्यास सुमारे एक तृतीयांश युनिट लागते. घरात पाच माणसे असली तर केवळ अंघोळीपायी महिन्याला पन्नासाच्या वर युनिटे गेली! कर्नाटक सरकारने २०२३ साली गृहज्योती योजना सुरू केली, तेव्हाच्या नियमाप्रमाणे महिन्याचा वापर दोनशे युनिटांच्या वर गेला की संपूर्ण बिल ग्राहकाने भरावयाचे होते. अशा ठिकाणी एक-दोन दिव्यांचा निष्काळजीपणा केवढ्याला पडतो, हे सांगावयास नको.

दुकानातील पाकिटांविषयी थोडेच सांगतो. किंमत तीच ठेवून आतील ग्रॅम कमी करण्याची युक्ती आता जुनी झाली आहे, म्हणून किंमत पाहण्यापूर्वी वजन वाचावे. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त असते असेही नाही; शांपूच्या छोट्या पुड्या पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. रोजची औषधे घेणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रात चौकशी करावी.

हे सगळे वाचविलेले एका झटक्यात गिळून टाकतो तो हप्ता, आणि त्याविषयी आम्हांस अधिक बोलावयाचे आहे. आमच्या वर्गातील एका हुशार मुलीचे दहावीनंतरच्या प्रवेशाचे शुल्क भरावयाचे राहिले. घरची मिळकत तशी अगदीच अपुरी नव्हती. पण त्या महिन्यात दोन हप्ते देणे होते, एक मोबाइलचा व दुसरा मोटारसायकलचा. हप्ता चुकला तर माणूस दारात येतो. मुलीची शाळा चुकली तर कोणीच येत नाही.

आता गणित पाहा. दुकानदार सांगतो, "बारा हजारांची वस्तू, व्याज फक्त बारा टक्के, वर्षभर हप्ते." व्याजाचे १४४० रुपये मिळवून १३४४० होतात व दरमहा ११२० द्यावे लागतात. ऐकावयास हे सरळ वाटते. परंतु बारा हजार रुपये वर्षभर आपल्याजवळ राहतात कोठे? दरमहा हजार मुद्दल फिटते असे धरले तर पहिल्या महिन्यात बारा हजार देणे, दुसऱ्यात अकरा, आणि शेवटच्या महिन्यात एक हजार. सरासरी काढली तर ती ६५०० येते. साडेसहा हजारांवर १४४० रुपये, म्हणजे व्याज बारा टक्के नसून बाविसाच्या घरात गेले. सातवीच्या मुलालाही हे उदाहरण सोडविता येईल. ते त्यालाच सोडवावयास द्यावे. व्याज द्यावे-घ्यावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या धर्मबुद्धीचा प्रश्न आहे. निदान किती देतो आहोत हे तरी ठाऊक असावे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तसंस्थांनी घरगुती मुदतीच्या कर्जदारास कर्जाच्या मुख्य अटींचा एक कागद द्यावा लागतो. त्यात सर्व आकार धरून येणारा खरा वार्षिक दर लिहिलेला असतो, आणि तो कागद कर्जदारास समजेल अशा भाषेत असला पाहिजे. सही करण्यापूर्वी तो मागावा, मराठीत, कानडीत किंवा उर्दूत, जी भाषा घरी वाचता येते तिच्यात. आणि घरी नेऊन घरच्या मंडळींस मोठ्याने वाचून दाखवावा.