मधमाशी ओळखा, मगच हात उगारा

वर्गात मुलांना मधमाशीचे चित्र काढायला सांगितले की सगळी मुले पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची एकच माशी काढतात. ऑस्ट्रेलियात मात्र ही माशी मूळची नाही. ती १८२२ च्या सुमारास युरोपातून जहाजाने तिथे आली. त्या देशाच्या स्वतःच्या मधमाश्यांच्या सुमारे १,७०० जाती नोंदलेल्या आहेत.

मग ओळखायचे कसे? आधी पंख पाहा. मधमाशीला चार पंख असतात. दोनच असतील तर ती मधमाशीसारखी दिसणारी साधी माशी समजावी. अंगावर चकाकते निळे पट्टे असतील, तर ती तिथलीच निळ्या पट्ट्यांची माशी. ती फूल धरून अंग थरथरवते आणि पराग झाडून घेते. टोमॅटोला याचा मोठा फायदा होतो. जेमतेम ४ मिलिमीटरची काळी माशी दिसली, तर ती बिनडंखाची देशी माशी असू शकते. आपल्याकडे तिच्या भाऊबंदांना पोयाच्या माश्या म्हणतात. गुलाबाच्या पानांचे गोल तुकडे कुणी कापून नेले, तर ते काम पानकापी माशीचे. बहुतेक देशी माश्या पोळे न करता एकेकट्याच, जमिनीत किंवा लाकडात घर करतात.

गुबगुबीत, केसाळ माशी पाहून लोक परदेशी भुंगमाशी आल्याची ओरड करतात. पण ती भुंगमाशी १९९२ पासून फक्त टास्मानिया बेटावर आहे. मुख्य भूमीवर दिसते ती बहुधा देशी ‘टेडी बेअर’ माशी. ओळख चुकली, तर बिचारी नाहक मारली जाते.

उलट चूकही महाग पडते. २००७ मध्ये केर्न्स इथे एका होडीच्या डोलकाठीत आशियाई मधमाशीचे पोळे सापडले. ही आपल्या सातेरीच्याच जातीची. ती पुढे पसरत गेली आणि २०११ मध्ये तिचे उच्चाटन शक्य नाही असे ठरले. २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदरात पाळीव मधमाश्यांचे रक्त शोषणारा समजला जाणारा, खरे तर त्यांच्या अंगातली चरबी खाणारा व्हरोआ माइट (कोळीवर्गीय परजीवी) आढळला. असंख्य पेट्या नष्ट करूनही २०२३ मध्ये तिथे हार मानावी लागली.

म्हणून तिथे शंका आली की माशीचा फोटो काढून कृषी खात्याला कळवायला सांगतात. आपणही मुलांना एवढे शिकवूया: चप्पल उचलण्याआधी दोन मिनिटे नीट पाहा.